टेट निघाली, पण ‘याडी’ कळतं का?

टीईटी झाली. टेटमध्ये दोनशेपैकी बऱ्यापैकी मार्क पडले. पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरला आणि समजा, वाशिम जिल्हा परिषदेत लागलात. शिक्षण सेवक, तीन वर्षं, महिना १६ हजार. घरी पेढे वाटून झाले. शाळा मिळाली मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची, वर्ग पहिलीचा.

पहिल्याच दिवशी एक चिमुरडी कोपऱ्यात बसून रडतेय. ‘याडी, याडी’ एवढंच म्हणतेय. गोरबोलीत याडी म्हणजे आई. तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही तिच्या शेजारी जाऊन बसाल. नसेल तर ‘मराठीत बोल’ म्हणाल आणि ती अजून रडेल.

टीईटीच्या १५० मार्कांत बालमानसशास्त्राला ३० असतात. टेटमध्ये १२० मार्कांची अभियोग्यता, ८० ची बुद्धिमत्ता. ओएमआरवर गोल काळे करून ही पोरगी शांत कशी करायची, ते कुठंच येत नाही. ते नोकरीत शिकायचं असतं.

आता दुसरा प्रश्न. तिसरीतला एक पोरगा रोज कुणाला तरी बुक्की मारतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत, आणि ते बरंच झालं. पण हातातली छडी गेली, तिच्या जागी काय आलं? खरं प्रशिक्षण इथं लागतं. एक साधी पद्धत आहे. आठ दिवस वही ठेवा. किती वाजता मारलं, त्याच्या आधी काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं. चौथ्या-पाचव्या दिवशी वही बोलायला लागते. कधी कळतं, की वाचायची पाळी आली की हा भांडण उकरतो, कारण वाचता येत नाही हे लपवायचंय. कधी कळतं, की दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि हा आजीकडं राहिलाय. दोघांचा उपाय वेगळा. बुक्की मात्र सारखीच दिसते.

आणि वाचता येत नाही म्हणजे लगेच ‘ढ’ नाही हं. चष्मा लागला असेल, घरची भाषा वेगळी असेल, नाहीतर अध्ययन अक्षमता असेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तीही आहे. निदान आपण करायचं नाही; गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना फोन लावायचा.

मग प्रशिक्षणं होत नाहीत का? भरपूर होतात. डाएट आहे, केंद्राची शिक्षण परिषद आहे, २०१९ पासून ‘निष्ठा’ आहे, दीक्षा ॲपवर कोर्स आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानं वर्षाला किमान ५० तास सांगितलेत. घोळ असा, की प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्यात, तिथून तालुक्यात, मग केंद्रात उतरतं आणि उतरता उतरता पीपीटीच उरते. मोबाइलवर व्हिडिओ चालू, सर खिचडीच्या हिशोबात, संध्याकाळी सर्टिफिकेट डाउनलोड. हसू नका, तुम्हीही कराल.

वाशिम २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. त्या रँकिंगमध्ये शिक्षणाला ३० टक्के वजन. आकडे वर गेले पाहिजेत, मान्यच. पण कोपऱ्यातल्या पोरीचं रडू कुठल्या रकान्यात भरणार?

माझं विचाराल तर ५० तासांतले दहा तरी असे हवेत, की केंद्रातले शिक्षक गोल बसलेत आणि प्रत्येकानं आपल्या वर्गातलं एकच लेकरू मांडलंय. नाव न घेता. ‘माझ्याकडं असा एक आहे, मी हे केलं, जमलं नाही, तुम्ही काय केलं असतं?’ वीस वर्षं तांड्यावर काढलेल्या बाईंकडं याचं उत्तर असतं. त्यांना विचारायला कुणी बसत नाही, एवढंच.

तुम्ही अजून रुजू झाला नसाल तर आताच वेळ आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांना विचारून आठवडाभर मागच्या बाकावर बसा. मोबाइल पिशवीत, वही हातात. आणि गोरबोलीतले पन्नास शब्द पाठ करा. भाकरीला बाटी म्हणतात, इथून सुरुवात करा.