ग्रंथ निवडताना

ग्रंथ हेच गुरू, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु गुरू करताना माणूस जितका विचार करतो, तितका ग्रंथ घेताना करीत नाही. पुढे भौतिकशास्त्राच्या उच्च अभ्यासाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी या विषयाचा थोडा ऊहापोह येथे करीत आहोत.

आपल्या इंदुरातील राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात ‘इंडस-२’ नावाचे यंत्र आहे. त्याच्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबकांनी त्यांचा मार्ग वाकविला की त्यांतून प्रखर किरण बाहेर पडतात. असे का घडते, हे विद्युत्‌गतिकी सांगते.

या शास्त्रावरील दोन इंग्रजी ग्रंथ विख्यात आहेत. जॅक्सन यांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला, ग्रिफिथ्स यांचा १९८१ साली. विषय एकच, वाचक मात्र निराळे. ग्रिफिथ्स पदवीच्या विद्यार्थ्यासाठी लिहितात आणि आवश्यक ते सदिशांचे गणित पहिल्याच प्रकरणात शिकवितात. जॅक्सन पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी लिहितात व पुष्कळ गणित अवगत आहे असे गृहीत धरतात.

एककांचाही भेद ध्यानी घ्यावा. ग्रिफिथ्स शाळेतील परिचित आंतरराष्ट्रीय एकके वापरतात. जॅक्सन यांच्या १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली दहा प्रकरणे त्या एककांत आहेत, पुढील प्रकरणे गाउस पद्धतीत. गतिमान विद्युत्‌भारांच्या किरणोत्सर्जनाचे चौदावे प्रकरण या दुसऱ्या भागात येते. तेच सूत्र तेथे निराळ्या रूपात भेटते आणि नवखा वाचक गोंधळतो.

मराठी माध्यमातून गेलेल्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजीचीही अडचण असते. अवघड ग्रंथ प्रथमच हाती पडला, तर आपण भाषेत अडलो, गणितात अडलो की शास्त्रात, हेच त्यास उमगत नाही. ‘हा विषय आपला नव्हे’ असे मानून तो तो कायमचा सोडतो. एका पुस्तकाच्या घाईपायी एक होतकरू अभ्यासक गमवावा, ही हानी मोठी आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की, ग्रंथालयात दोन्ही ग्रंथ समोर ठेवावेत. प्रस्तावना वाचून ग्रंथ कोणासाठी लिहिला आहे ते पाहावे. एकच विषय दोहोंत वाचावा आणि प्रकरणाअखेरची दोन उदाहरणे स्वतः सोडवून पाहावीत. जेथे कष्टाने का होईना पण पाऊल पुढे पडते, तो ग्रंथ आज विकत घ्यावा. दुसऱ्याकडे यथाकाल अवश्य जावे. जिना पायरीपायरीनेच चढावा लागतो. मात्र चढणाऱ्याने मध्येच थांबू नये.