झडप बदलली, महाधमनीचं काय?

उमरगा, कळंब किंवा परंड्यातल्या एखाद्या लॅबमध्ये सकाळी थांबलात, तर पीटी-आयएनआरसाठी रक्त द्यायला आलेला माणूस हमखास भेटेल. सोलापूर, पुणे, नाहीतर हैदराबादला ऑपरेशन झालं, छातीत धातूची झडप बसली आणि रक्त पातळ करणारी गोळी जन्माची मागे लागली. ही तपासणी तो चुकवत नाही. पण महाधमनीची रुंदी शेवटची कधी मोजली, हे विचारून पाहा. बहुधा तो गोंधळून बघेल.

शंभरातल्या एक-दोन जणांच्या महाधमनीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. यातल्या अनेकांत दोष झडपेपुरता नसतो, धमनीची भिंतही कच्ची असते. झडप बदलताना धमनी ४.५ सेंटिमीटरच्या वर फुगलेली दिसली, तर सर्जन तीही बहुधा बदलतात. चारच्या आसपास असेल तर सहसा ठेवतात, आणि त्यात चूकही नसते. पुढं दहा-पंधरा वर्षांत काहींची धमनी हळूहळू रुंदावते. सायकलच्या ट्यूबला एकदा फुगा आला की ती तिथंच आणखी फुगते; रुंदी वाढली की तेवढ्याच दाबाला भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणून ५.५ सेंटिमीटरला, मार्फन सिंड्रोम हा धमनीची भिंत कमजोर करणारा जन्मजात आजार असेल तर त्याआधीच, ऑपरेशनचा निर्णय होतो. दुखत मात्र काहीच नाही.

दुसरी कमजोर जागा टाक्यांची. जिथं कृत्रिम नळी जोडली किंवा हार्ट-लंग मशीनची नळी घातली होती, तिथून वर्षांनंतरही रक्त झिरपून बाजूला पिशवी तयार होऊ शकते. अशा कृत्रिम नळ्या अमेरिकन सर्जन मायकेल डबेकी यांनी १९५०च्या दशकात डॅक्रॉनच्या कापडातून, घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. महाधमनी चिरण्याचे प्रकारही त्यांनीच ठरवले. २००५च्या अखेरीस, वयाच्या ९७व्या वर्षी, त्यांचीच महाधमनी चिरली. ऑपरेशन झालं आणि ते ९९ वर्षांपर्यंत जगले.

खरी भीती रात्रीच्या कळेची. भिंतीचा आतला थर फाटून रक्त थरांमध्ये घुसलं, म्हणजेच महाधमनी चिरली, की छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ येते. लक्षणं हार्ट अ‍ॅटॅकसारखी, आणि अ‍ॅटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर जिवावर बेततं. सिव्हिलमध्ये पोचल्या पोचल्या ‘झडपेचं ऑपरेशन झालंय’ हे सांगणं आणि जुनी फाइल पुढं करणं डॉक्टरांना सीटी अँजिओची वाट दाखवतं. दोन्ही हातांचं बीपी मोजून त्यात फरक दिसला, तरी कधीकधी संशय येतो. माझ्या मते ती फाइल घरात आधारकार्डाइतकी हाताशी हवी. पत्र्याच्या पेटीत तळाला ती कुणाच्या कामाची?

टू-डी इकोत महाधमनीचा सुरुवातीचा भाग नीट दिसतो, वरचा कमानीपर्यंतचा भाग प्रत्येकाचा दिसतोच असं नाही. त्यासाठी सीटी लागतो. किती महिन्यांनी, ते रुंदीवर ठरतं. बीपीची गोळी मात्र रोजची. आणखी एक गोष्ट मेडिकलवाल्यांनाही ठाऊक असावी: धमनी फुगलेल्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स दुसरा पर्याय असताना घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ साली दिला आहे.

झडप दोन पाकळ्यांची होती, तर भाऊ, बहीण आणि मुलांचाही इको करून घ्यावा. साधारण दहातल्या एकात तोच दोष निघतो. डिस्चार्ज कार्डावर तो ‘बायकस्पिड’ म्हणून लिहिलेला सापडेल.