माराच्या काठावर

ऑगस्टमधली सकाळ. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात आम्ही दोन कुटुंबे, एका गाडीत सातजण, मारा नदीच्या काठी तीन तास थांबलो होतो. सेरेंगेटीतून गवताच्या शोधात दरवर्षी दहा लाखांहून अधिक विल्डेबीस्ट निघतात. त्यातलाच एक कळप समोर होता. उतारापाशी यायचा, बिचकून मागे फिरायचा. पाण्यात मगरी होत्याच. पण उतार अडवला होता आम्हा पाहुण्यांच्या गाड्यांनी.

“बाबा, आपण त्यांच्या वाटेत आहोत ना?” लेकीने विचारले.

मी चालकाला गाडी मागे घ्यायला सांगितली. मित्र चिडला, “अरे, एवढे पैसे कशाला भरले मग?”

आमच्यामागून आणखी दोन गाड्या हलल्या. कळप नदीत उतरला, तेव्हा आम्हाला दिसली ती लांबून उडालेली धूळ. घरी आल्यावर मित्र सर्वांना तीच धूळ रंगवून सांगतो!