मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे?

२३ सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन आला की दहा हजार शब्दांच्या भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशाचा उल्लेख हमखास होतो. दिल्लीच्या संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे ते काम मोलाचेच. पण जिला ना कोश, ना शाळा, ना नाव, अशी एक बोली या दिवशीही उपेक्षित राहते. ऐकणाऱ्यांच्या घरात कर्णबधिर मूल जन्मते आणि घरापुरत्या खुणा तयार होतात. त्यांना घरखुणा म्हणू.

हातवारे तर सगळेच करतात, त्यात भाषा कसली? सुझन गोल्डिन-मेडो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात हेच तपासले. फिलाडेल्फियातल्या काही कर्णबधिर मुलांना बोलायलाच शिकवायचे म्हणून पालकांनी सांकेतिक भाषेपासून दूर ठेवले होते. तरी त्यांच्या खुणांना ठरावीक क्रम होता. आईकडून उचलला असेल? आयांच्या हातवाऱ्यांत तो सापडेना. पुढे तैवानमधल्या मुलांशी तुलना झाली. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निष्कर्ष गमतीचा आहे: दोन्हीकडच्या मुलांच्या खुणांची रचना आपापल्या आयांपेक्षा एकमेकांशी अधिक जुळत होती.

घरखुणांना गाव मिळाले तर काय होते, हे इस्रायलच्या नेगेव वाळवंटात दिसते. अल-सय्यद ही सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची बेदुईन वस्ती. सोयरिकी बहुतेक आपसातच. १९३०च्या दशकात तिथे चार कर्णबधिर भावंडे जन्मली. पुढच्या पिढ्यांत बहिरेपण पसरत गेले. २००५ मध्ये वेंडी सँडलर, इरिट मायर, कॅरोल पॅडन आणि मार्क अरोनॉफ यांनी अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा साडेतीन हजारांच्या वस्तीत दीडशेच्या आसपास कर्णबधिर होते आणि ऐकणारेही सर्रास खुणांनी बोलत होते.

मराठी वाचकाने कान टवकारावेत असा भाग पुढेच आहे. या भाषेत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद, थेट आपल्यासारखे! भोवतालची अरबी आणि हिब्रू तशी नाही. मात्र अल-सय्यदच्या खुणांत विशेषण नामानंतर येते, म्हणजे आधी सफरचंद, मग लाल. हा क्रम कुणी शिकवला नव्हता, तरी तो एका पिढीत पक्का झाला. गंमत अशी, की वाक्यरचना ठरली तरी एकाच वस्तूची खूण घरागणिक निराळी राहिली.

इथे भाबडे होऊन चालणार नाही. अल-सय्यदला भाषा घडली, कारण खुणांना उत्तर देणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. निकाराग्वात १९७७ नंतर मानाग्वाच्या शाळेत घरखुणा घेऊन आलेली मुले एकत्र जमली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते. मुलांनी मैदानात आणि बसमध्ये नवी भाषा रचली. एकटे मूल मात्र घरखुणांवरच अडते. त्याला लवकरात लवकर पूर्ण सांकेतिक भाषा मिळायलाच हवी.

पण त्यासाठी आधीचे पुसायचे कशाला? शाळेच्या अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात पालक 'मराठी' लिहितात. मुलाने ती कधी ऐकलेली नसते. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी आईला नि मुलाला समोर बसवावे, पाणी, भूक, आजी, भीती यांच्या घरातल्या खुणा मोबाइलवर टिपून घ्याव्यात आणि भारतीय सांकेतिक भाषेचा पहिला धडा तिथूनच सुरू करावा.