मृगाचा भरवसा

कर्जत-खालापूर पट्ट्यात पाऊस कमी पडतो अशी तक्रार सहसा कोणी करीत नाही. घाटाच्या पायथ्याशी बसलेले हे दोन तालुके. समुद्रावरून आलेले ढग माथेरान, प्रबळगड, ढाक, राजमाची यांच्या कड्यांवर चढतात आणि इथेच रिते होतात. माझ्या लहानपणी पावसाबद्दल प्रश्न एकच असे, तो केव्हा येणार. आणि त्याचे उत्तर भिंतीवरच्या पंचांगात होते. रोहिणी लागली की भाजलेल्या राबावर कोरड्या मातीत भात पेरायचे, मृगाच्या सरींवर ते उगवायचे आणि आर्द्रा सरता सरता लावणीसाठी माणसे शोधायला निघायचे.

आजच्या शिकलेल्या मंडळींना हे भाबडेपणाचे वाटते. मला तसे वाटत नाही. नक्षत्रे सूर्याच्या गतीवर बसवलेली असतात, त्यामुळे मृग ७ जूनच्या आसपासच लागतो. पाऊसही त्याच सुमारास येतो, हा कित्येक पिढ्यांचा अनुभवाचा हिशेब होता. हवामान खात्याची ‘सर्वसाधारण तारीख’ म्हणजे तरी दुसरे काय? काल जसा पाऊस पडला तसाच साधारणपणे उद्या पडेल, या एकाच खांबावर दोन्ही उभी आहेत.

तो खांबच आता हलू लागला आहे. २०२३ साली मान्सून मुंबईत पोहोचला २५ जूनला. २०२५ साली तो आला २६ मे रोजी, नोंदीतले हे सर्वांत लवकरचे आगमन. दोन वर्षांत जवळजवळ महिन्याचा फरक! एका वर्षी पेरलेले बी पाण्यावाचून धुळीत पडून राहावे आणि दुसऱ्या वर्षी पेरायला धूळच उरू नये. अर्थात एखाद्या वर्षाचा उशीर वा घाई तापमानवाढीच्या खात्यावर सरळ टाकता येत नाही. मान्सून पूर्वीही लहरी होताच. पण २०२० साली हवामान खात्याने स्वतःच या तारखा नव्याने बांधल्या, तेव्हा मुंबईतून मान्सून परतण्याचा दिवस २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेला. शहरात याचा अर्थ छत्री आणखी नऊ दिवस बाळगणे. आमच्याकडे हळवे भात नेमके त्याच दिवसांत कापणीला येते. हळवे लावावे की गरवे, ‘कर्जत-१८४’ घ्यावे की आणखी काही, हे तर मे महिन्यातच ठरवावे लागते. पुढचे चार महिने कसे जातील ते मे महिन्यात कोण सांगणार?

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे बाष्प रोज थोडे थोडे उतरत नाही. ते साठते आणि मग काही तासांत कोसळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याआधी, २००९ साली, बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी यापेक्षाही बोचरा प्रश्न विचारला होता: तापलेल्या हवेत पावसाचा अंदाज करणेच अवघड होत जाते काय? त्यांचे उत्तर होकाराकडे झुकणारे होते. वातावरण अधिक अस्थिर झाले की आरंभीच्या मोजणीतली बारीकशी चूक अधिक वेगाने फुगत जाते, आणि अंदाज जितके दिवस आधी भरवशाने करता येतो ती मुदतच आखडते.

याचा अर्थ यंत्रे सुधारली नाहीत असा नव्हे. मान्सून मुंबईत आला त्याच दिवशी, २६ मे २०२५ रोजी, सहा किलोमीटरच्या चौकोनाइतका बारीक अंदाज देणारी नवी भारतीय प्रणाली सुरू झाली. जगात ही थोरच गोष्ट आहे. पण सहा किलोमीटरच्या एका चौकोनात आमच्याकडे गड, वाडी, ओढा आणि पायथ्याचे गाव सगळेच मावते!

खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी अशाच एका चौकोनातली. इर्शाळगडाच्या उतारावर ठाकरांची अठ्ठेचाळीस घरे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे सरकारने विधानसभेत सांगितले. आणि वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही सांगितले. गंमत नव्हे, पण विचित्र असे की त्यानंतरचा ऑगस्ट हा देशाच्या नोंदीतला, १९०१ पासूनचा, सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

त्या यादीवर पुष्कळ टीका झाली. मला वाटते, यादीही पंचांगासारखीच आहे. कुठे पूर्वी जमीन खचली, कुठे भेगा दिसल्या, यावरून ती बनते. म्हणजे जुन्या पावसाची आठवण. पाऊस बदलला की नाव नसलेली वाडीही यादीत जाते, फक्त ते कोणाला कळत नाही. आणि जिल्ह्याला लाल इशारा मिळाला, तरी तो आपल्याच डोंगराला आहे हे वाडीवरच्या माणसाने ओळखायचे कसे? असे इशारे एका पावसाळ्यात अनेकदा येतात. दर वेळी गुरे, कोंबड्या, धान्य सोडून कोणी खाली उतरणार नाही.

दरड नेमकी कुठे कोसळेल ते सांगता येत नसले, तरी पडलेला पाऊस मोजता येतो. आज ही मोजणी बहुतेक महसूल मंडळाच्या ठिकाणी होते. डोंगरावरच्या पावसाशी तिचा मेळ बसेलच असे नाही. एका वाडीला एक साधा पर्जन्यमापक, अमुक मिलिमीटर झाले की रात्र वाडीत काढायची नाही हा आधी ठरलेला आकडा, आणि खाली निजायला कुलूप उघडी असलेली शाळा. खर्च फारसा नाही. पण भर पावसात, रात्री दहा वाजता, तो आकडा कोणी वाचायचा आणि शाळेची किल्ली कोणाकडे असायची, हे पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ठरवायला हवे.