जनावरांची केसगळ : ऋतूची व रोगाची

फाल्गुन लागला की पूर्णगडास, मुचकुंदीच्या मुखालगत, गाईबैलांच्या अंगावरून हात फिरविताच मूठभर केस निघतात. घाबरून घासलेट चोळणारे शेतकरीही आम्ही पाहिले आहेत. वस्तुतः हा रोग नव्हे. दिवस वाढू लागला की डोळ्यांवाटे पोचणाऱ्या प्रकाशाच्या मानाने शरीरातील स्राव बदलतात व हिवाळी केस झडतात. परदेशात हौसेने पाळतात तो फेरेट, आपल्या खाडीतील पाणमांजराचा भाऊबंद, हाही वसंतात व शरदात असेच केस टाकतो. मात्र शेपटीच्या मुळापासून त्याची कातडी उघडी पडत गेल्यास बहुधा मूत्रपिंडाजवळील ग्रंथीचा विकार असतो.

म्हणून केस किती गळले यापेक्षा खालची कातडी पाहावी. ऋतूच्या केसगळीत तेथे आखूड, तकतकीत नवे केस दिसतात व खाज नसते. वासराच्या डोळ्यांभोवती किंवा मानेवर राखी खपल्यांचे वाटोळे चट्टे उठल्यास ते गजकर्ण. ते बुरशीपासून होते व माणसासही लागते, सबब हात लावल्यावर साबणाने धुवावेत. कातडी जाड होऊन सुरकुतली व जनावर खांबाला अंग घाशीत राहिले, तर खरजेचा संशय घ्यावा. दोहोंतही जनावर निराळे बांधावे, त्याचे दावे व खरारा दुसऱ्यास वापरू नये आणि पशुवैद्यास बोलवावे. दुभत्या गाईस औषध दिल्यास दूध किती दिवस वर्ज्य, हे त्यांस अवश्य विचारावे. घासलेटाने कातडी पोळते. आमच्या एका पाड्याचे त्याने झाले तेवढे हाल खरजेनेही झाले नसते.