फुकट वर्तमानपत्राचा जमाखर्च

वाचकहो, रोज सकाळी वर्तमानपत्र दारात येऊन पडते आणि महिनाअखेर बिल मात्र येत नाही, असे झाले तर कोणाला आवडणार नाही? उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या लहानशा देशात हे खरोखरच घडले. 2001 च्या एप्रिलमध्ये तेथे ‘फ्रेत्ताब्लादिद’ नावाचे दैनिक निघाले. नावाचा अर्थ साधाच, ‘बातमीपत्र’. राजधानी रेक्याविकमध्ये ते घरोघर फुकट टाकले जाई.

आता बघा, कागद, शाई, वार्ताहरांचे पगार, अंक टाकणाऱ्या पोरांची मजुरी, यांतले फुकट काय असते? काहीच नाही. मग हा खर्च भागवी कोण? तर जाहिरातदार. अंक फुकट म्हणून तो घरोघर जाई, आणि घरोघर जाई म्हणून दुकानदार त्यात जाहिरात देत. पहिल्या प्रकाशकांचे 2002 मध्ये दिवाळे वाजले खरे. पण नव्या मालकांनी पत्र सावरले. वर्गणीवर चालणारे ‘मोर्गुनब्लादिद’ हे 1913 सालापासूनचे जुने दैनिक. वाचकसंख्येत हे नवे पत्र त्याच्याही पुढे गेले.

पण मेख होती ती इथेच. ऑक्टोबर 2008 मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. व्यापार आटला, तशा जाहिरातीही आटल्या. पुढे जाहिरातदार इंटरनेटकडे वळू लागले. अशा वेळी वर्गणीच्या पत्राला निदान वर्गणीदारांचा आधार असतो. फुकट पत्राला तोही नसतो. जानेवारी 2023 मध्ये अंक घरी टाकणे थांबले. ते दुकानांसारख्या वर्दळीच्या ठिकाणी ठेवू लागले. म्हणजे ज्या घरोघरच्या फेरीवर सारा डोलारा उभा होता, तीच गेली. अखेर 31 मार्च 2023 रोजी पत्र बंद पडले. जुने वर्गणीचे दैनिक मात्र त्याच्यामागे उरले.

यावरून फुकट पत्र वाईट, असे मी म्हणत नाही. ज्याला वर्गणी परवडत नाही, त्याच्याही हाती त्याने रोज बातमी दिली, हे मोठेच काम. सांगायचे एवढेच की, त्या पत्राचे गिऱ्हाईक वाचक नव्हता, जाहिरातदार होता. लाखो डोळे त्यावर खिळले, पण त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती राहिले.

गुरुजनांनी एक करून पाहावे. वर्गात एखादे वर्तमानपत्र पसरून मुलांना फूटपट्टी द्यावी आणि बातम्यांची जागा किती, जाहिरातींची किती, हे मोजायला सांगावे. विकतच्या पत्राचाही बराच भार जाहिरातीच उचलतात, हे मुलांना आपोआप कळेल. मग त्यांना एकच प्रश्न विचारावा : उद्या या जाहिराती गेल्या, तर गावची बातमी आणण्याचा खर्च कोण करील?